आठ डिस्क एकदम फिरतात तेव्हा: घरगुती स्टोरेज सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

मशीन असं: ३.५ इंची, ७२०० आरपीएमच्या आठ हार्ड डिस्क. चार मदरबोर्डच्या साटा पोर्टवर, चार एसएएस २००८ चिपच्या एचबीए कार्डावर (जादा डिस्क जोडायचं कंट्रोलर कार्ड). लिनक्स वेगळ्या एसएसडीवर, डिस्कवर रेड ६ (डेटा सगळ्या डिस्कवर वाटलेला, दोन गेल्या तरी शाबूत). पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा.

लक्षण: रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू केलं की आठपैकी कधी सहा, कधी सात डिस्क दिसतात. तिथूनच रीबूट केलं की आठही हजर. निदान या फरकातच आहे. रीबूटमध्ये वीज तुटत नाही, तबकड्या फिरतच राहतात. म्हणजे डिस्क, पोर्ट, डेटा केबल यांची तक्रार नाही; अडतंय ते थांबलेली तबकडी हलवण्याच्या पहिल्या काही सेकंदांत.

स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते ते, आकडे काढले. १९९ नंबरचा, म्हणजे सीआरसी चुकांचा (डेटा केबलवरून येता-जाता बिघडलेल्या माहितीचा) आकडा आठही डिस्कवर शून्य, त्यामुळे डेटा केबल सुटल्या. १० नंबरचा, स्पिन रिट्राय काउंट (तबकडी फिरवायचा प्रयत्न पुन्हा किती वेळा करावा लागला), सहा डिस्कवर शून्य, एकीवर ३, एकीवर ५. या दोन्ही डिस्क पॉवरच्या वायरच्या शेवटच्या दोन जोडांवर बसलेल्या आहेत. हा आकडा एकाच डिस्कवर वाढत असेल तर बेअरिंग किंवा मोटरवर संशय घ्यावा. वायरच्या टोकाला बसलेल्या सगळ्यांचा वाढत असेल तर आधी वायर बघावी.

सप्लायच्या लेबलवर १२ व्होल्टला ३६ अँपिअर लिहिलंय. कागदावर भरपूर. म्हणून "४५० वॅट पुरेल का" हा प्रश्न बाजूला ठेवला. खरा प्रश्न: त्यातली किती वीज शेवटच्या डिस्कच्या पिनांपर्यंत पोचते?

५ जानेवारी

मोजमाप. साधनांबद्दल आधी: साधा क्लॅम्प मीटर इथे निरुपयोगी, तो फक्त एसी मोजतो. डीसी मोजणारा हॉल सेन्सरचा क्लॅम्प लागतो, आणि त्यात शिखर पकडून ठेवायची सोय हवी. मल्टिमीटर वायरमध्ये घालून मोजू नये. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, मधलं शिखर सरासरीत बुडतं, आणि १० अँपिअरचा फ्यूज उडतो तो वेगळाच. क्लॅम्पमधून फक्त पिवळ्या, १२ व्होल्टच्या वायरी न्यायच्या. परतीची काळी, ग्राउंडची, सोबत गेली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन मीटर शून्याजवळ येतं.

एकट्या डिस्कचा आलेख: १२ व्होल्टवर १.९ अँपिअरपर्यंत चढतो, साधारण सहा सेकंद तिथेच राहतो, मग वेग पकडला की ०.४५ वर उतरतो. ५ व्होल्टच्या लाल वायरवर त्या काळात ०.७ अँपिअर. थांबलेल्या मोटरमध्ये उलटा व्होल्टेज तयार होत नाही, त्यामुळे करंट अडतो तो फक्त मोटर ड्रायव्हरने घातलेल्या मर्यादेवर. म्हणून वर सपाट माथा दिसतो, टोकदार सुळका नाही. सहा सेकंद हा वायर आणि जोडांसाठी फार मोठा काळ आहे. हा झटका नाही, भरीव लोड आहे.

डिस्कच्या डेटाशीटवरचा स्टार्टअप करंट बहुतेक वेळा याच पट्ट्यात असतो, १.५ ते २.५ अँपिअर. हिशेब डेटाशीटवरूनच करावा. लेबलवर छापलेला आकडा बऱ्याचदा फिरत असतानाचा असतो, आणि तो धरून बसलेले लोक इथेच फसतात.

आठ डिस्क मिळून: क्लॅम्पवर १५.१ अँपिअर. सप्लायच्या तोंडाशी व्होल्टेज ११.९४. शेवटच्या जोडाच्या मागची टोपी काढून, पिवळ्या आणि शेजारच्या काळ्या वायरच्या पात्यावर टोकदार प्रोब टेकवून बघितलं: ११.२२. एटीएक्सची (पीसी पॉवर सप्लायच्या मानकाची) सीमा ५ टक्के, म्हणजे ११.४० च्या खाली जायला नको. डिस्कच्या डेटाशीटमध्ये कुठे ५ टक्के सूट असते, कुठे १०. आपल्या दोन टोकाच्या डिस्क कुठल्या गटातल्या, ते स्मार्टनेच सांगितलं. आणि ११.२२ हीसुद्धा मल्टिमीटरची सरासरी आहे, खरी दरी याहून खोल असणार.

०.७२ व्होल्ट कुठे गेले? वायरिंग असं होतं: सप्लायची एकच केबल, तिच्यावर चार साटा जोड. पहिल्या तिघांवर डिस्क, चौथ्यावर पाच तोंडांचा स्प्लिटर. वायर १८ गेजची, तिचा रोध मीटरला सुमारे २१ मिलिओहम. पहिले ४५ सेंटिमीटर पूर्ण १५ अँपिअर वाहतात, तिथेच ०.१४ व्होल्ट. पुढे प्रत्येक १५ सेंटिमीटरला तीन-चार शतांश. चौथ्या जोडापर्यंत पाव व्होल्ट गेलेला असतो. परतीच्या काळ्या वायरी दोन आहेत, म्हणून तिथे साधारण निम्मा. उरलेलं स्प्लिटरच्या बारीक वायरीत आणि जोडांच्या पात्यांत.

पण व्होल्टेजपेक्षा मोठा गुन्हा वेगळाच. साटा पॉवर जोडात १२ व्होल्टसाठी तीन पिना, प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर, मिळून ४.५. स्प्लिटर ज्या जोडात खोचलाय त्यातून पाच डिस्कचे साडेनऊ अँपिअर जातायत, म्हणजे दुपटीहून जास्त. जोड उपटून बघितला तर १३ ते १५ नंबरच्या पिनांभोवतीचं प्लास्टिक पिवळट पडलेलं. स्प्लिटर तिथल्या तिथे काढून टाकला.

७ जानेवारी

नवीन वायरिंग. सप्लायच्या दोन वेगवेगळ्या सॉकेटमधून दोन केबल, प्रत्येकीवर चार डिस्क, स्प्लिटर नाही.

दुसरी केबल त्याच सप्लायसोबत आलेलीच घ्यायची. मॉड्युलर केबलचं डिस्ककडचं तोंड ठरलेलं असतं, सप्लायकडचं नाही. एका मॉडेलची केबल दुसऱ्यात अगदी नीट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ सोडते. मग एका झटक्यात चारही डिस्कचे बोर्ड जातात. केबल हरवली असेल तर नवी लावण्याआधी प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासल्याशिवाय डिस्क जोडायची नाही.

स्प्लिटर घ्यावाच लागला तर चार पिनांच्या मोलेक्सकडून साटाकडे जाणारा घ्यावा. मोलेक्सची पिन साटाच्या पिनेपेक्षा कितीतरी जाड. मात्र ओतीव प्लास्टिकचा नको. ओतताना आतल्या वायरी सरकून एकमेकींना भिडू शकतात आणि पुढे केव्हातरी शॉर्ट होऊन जळतात. मागची टोपी उघडता येते आणि वायर पात्यात दाबलेली दिसते, तसाच घ्यावा.

बदलानंतर आठही एकदम सुरू होताना शेवटच्या जोडावर ११.७३ व्होल्ट. दोन्ही केबलवर प्रत्येकी साडेसात अँपिअर. सलग चार कोल्ड बूट (पूर्ण बंद मशीन सुरू करणं), प्रत्येक वेळी मध्ये तासभर बंद. आठही डिस्क दिसल्या, स्पिन रिट्राय जागचा हलला नाही.

मूळ तक्रार इथे मिटली. पुढचं काम यूपीएससाठी: तो ३०० वॅटचा, त्यावर राउटर आणि स्विचही आहेत. भिंतीकडच्या मीटरवर सुरुवातीचं शिखर २८७ वॅट येतंय. बॅटरीवर असताना मशीन सुरू झालं तर यूपीएस ओव्हरलोडचा बीप देऊन सगळंच बंद करेल.

१० जानेवारी

बायोसमध्ये स्टॅगर्ड स्पिन-अप, म्हणजे डिस्क एकामागून एक फिरवणं, चालू केलं. परिणाम: क्लॅम्पवर तेच १५ अँपिअर, बूट मात्र जास्त वेळ घेतंय. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ओळ आली की एसएसएस, म्हणजे स्टॅगर्ड स्पिन-अपचा, फ्लॅग लागलाय म्हणून पॅरलल बस स्कॅन बंद. म्हणजे लिनक्स पोर्ट एकामागून एक तपासतंय, पण डिस्क त्याआधीच सगळ्या एकत्र फिरून बसल्यात. उशीर मिळाला, फायदा नाही. अशा वेळी लोक कर्नलला एएचसीआय इग्नोर एसएसएस हा पॅरामीटर देऊन उशीर तेवढा घालवतात आणि मूळ प्रश्न तसाच सोडतात.

कारण साटा पॉवर जोडाच्या ११ नंबरच्या पिनेत आहे. वीज येताच डिस्क ती पिन बघते. ती ग्राउंडला जोडलेली असेल तर लगेच फिरायला लागते. मोकळी असेल तर कंट्रोलर डेटा केबलवरून लिंक उठवेपर्यंत थांबते. हीच पिन पुढे अ‍ॅक्टिव्हिटीच्या दिव्यासाठीही वापरली जाते. आणि साध्या पॉवर केबलमध्ये १०, ११ आणि १२ या तिन्ही पिना एकाच काळ्या वायरच्या पात्यावर बसवलेल्या असतात. मल्टिमीटरचा बझर ११ आणि १२ वर लावला: आवाज आला. म्हणजे आपली केबलच प्रत्येक डिस्कला "लगेच फिर" म्हणतेय, बायोसमध्ये काहीही निवडा.

११ जानेवारी

११ नंबर मोकळी करायची. केबल कापण्यापेक्षा डिस्कच्या बाजूला टेप सोपा. कॅप्टॉन टेपच (उष्णता सोसणारा) हवा, साधा सेलोटेप गरम झाला की गोंद सोडतो.

पिना मोजताना डेटा जोडाच्या बाजूने सुरुवात: त्याच्या शेजारची पॉवर पिन १, टोकाची १५. खात्रीसाठी खूण: ४ आणि १२ या दोन ग्राउंड पिना इतरांपेक्षा थोड्या पुढे आलेल्या असतात, कारण खोचताना आधी त्या भिडायला हव्यात. पुढे आलेली १२ सापडली की डेटाकडच्या बाजूची तिची शेजारीण ११. दोन पिनांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर, म्हणून टेपची पट्टी १ मिलिमीटर रुंद, ४ लांब, ब्लेडने काचेवर कापलेली. चिमट्याने वरच्या टोकापासून खाली चिकटवायची आणि टोक प्लास्टिकच्या कडेवरून पाठीमागे दुमडायचं. दुमडलं नाही तर जोड खोचताना टेप गुंडाळून खाली सरकतो आणि पिन पुन्हा उघडी. पहिल्या प्रयत्नात दोन डिस्कवर हेच झालं. टेप शेजारच्या १० किंवा १२ वर थोडा चढला तरी चालतं, बाकी ग्राउंड आहेत.

चाचणी सोपी आहे आणि टेपशिवायही करून ठेवण्यासारखी: डेटा केबल काढून फक्त पॉवर द्या. डिस्क गप्प बसली तर ती ११ नंबर मानते. घरघरली तर टेप बसलेला नाही किंवा डिस्कचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) ती पिन मानत नाही. आठपैकी सहा गप्प बसल्या, दोन मात्र, टेप दोनदा बदलूनही, फिरत राहिल्या.

जाता जाता, याच जोडातल्या ३ नंबरच्या पिनेची गफलत होऊ नये. साटा ३.३ पासून ३ नंबरवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क पूर्ण बंद राहते. बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेल्या काही डिस्क घरच्या केबलवर मेल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. तिथेही टेपच लावतात, पण पिन वेगळी आणि हेतूही वेगळा.

१२ जानेवारी

बायोसचा स्टॅगर आता खरा चालतोय. मदरबोर्डवरच्या टेपवाल्या डिस्क एकेक करून उठतात, कान लावला तरी मोजता येतं. फास्ट बूट बंद ठेवावं लागलं. ते चालू असताना बायोस पोर्ट तपासतच नाही आणि डिस्क उठवण्याचं काम कर्नलवर पडतं. क्रम बायोसच्या टप्प्यातच संपलेला बरा.

एचबीएचं वेगळं. त्याच्या सेटिंगमध्ये एका वेळी किती डिस्क उठवायच्या आणि दोन खेपांत किती सेकंद, असे दोन आकडे असतात. एका वेळी १, अंतर ७ सेकंद ठेवलं. सपाट माथा सहा सेकंदांचा, म्हणून सात. अंतर त्याहून कमी ठेवलं तर दोन डिस्कचे माथे एकमेकांवर चढतात. हा मेन्यू कार्डाच्या बूट रॉममध्ये (सुरू होताना चालणाऱ्या त्याच्या छोट्या प्रोग्राममध्ये) असतो, त्यामुळे बूट लवकर व्हावं म्हणून रॉम पुसून टाकलेल्या कार्डावर तो दिसणार नाही.

१७ जानेवारी

टेप न मानणाऱ्या दोन डिस्कसाठी दुसरा मार्ग: पॉवर-अप इन स्टँडबाय, सगळीकडे पीयूआयएस म्हणतात. यात थांबायचं की नाही हे पिनेवर नाही, डिस्कच्या स्वतःच्या सेटिंगवर ठरतं, आणि ते वीज गेली तरी टिकतं. वीज आली तरी डिस्क फिरत नाही. तिला सेट फीचर्सची ठराविक कमांड मिळाली की मग फिरते. लिनक्सला हे येतं: ओळख विचारल्यावर डिस्कने "मी अर्धवट जागी आहे" असं उत्तर दिलं की कर्नल स्वतःहून ती कमांड पाठवतो.

आधी एचडीपार्म या डिस्कची सेटिंग बघण्या-बदलण्याच्या लिनक्स कमांडने, मोठा आय पर्याय देऊन, डिस्कच्या सोयींची यादी काढली. एकीवर पीयूआयएसची ओळ आहे, दुसरीवर नाहीच. जिच्यावर आहे तिच्यावर एचडीपार्म छोटा एस १. टूल नुसतं ऐकत नाही, "मी काय करतोय ते मला माहीत आहे" अशा अर्थाचा लांबलचक पर्याय टाइप करायला लावतं, आणि ते योग्यच आहे. छोटा एस म्हणजे पीयूआयएस, मोठा एस म्हणजे स्टँडबायचा टायमर. शिफ्टची एक चूक आणि भलतंच सेटिंग लागतं.

धोका असा की ज्या कंट्रोलरला ती कमांड पाठवता येत नाही, त्याच्यावर ही डिस्क कायमची गायब. म्हणून ती एचबीएवर नाही, मदरबोर्डच्या पोर्टवर ठेवली. बूट डिस्कवर पीयूआयएस कधीच नको. बायोसला ती उठवता आली नाही तर कर्नलपर्यंत गोष्ट पोचणारच नाही. अडकलीच तर सुटका: मदरबोर्डच्या साटा (एएचसीआय) पोर्टवर लावून लिनक्स चालू करायचं, डिस्क उठू द्यायची, मग छोटा एस ०.

उरलेली एक डिस्क काहीच मानत नाही. ती वीज येताच फिरणार, फिरू दे. ती पहिली, बाकी सात तिच्या मागून.

२४ जानेवारी

कोल्ड बूटचे आकडे. १२ व्होल्टवर शिखर १५.१ वरून ६.६ अँपिअर. भिंतीवर २८७ वरून १६८ वॅट. एका क्षणी जास्तीत जास्त दोन डिस्क माथ्यावर असतात, कारण बायोस आणि एचबीए एकमेकांना न विचारता आपापला क्रम चालवतात. लॉगिन येईपर्यंतचा वेळ ७१ सेकंदांवरून १०८. घरच्या सर्व्हरला हे परवडतं.

चाचणी घेताना एक काळजी: स्विच बंद करून लगेच चालू केला तर तबकड्या अजून फिरत असतात आणि करंट कमी दिसतो. पूर्ण थांबायला मिनिटभर तरी द्यावा. खरं शिखर बघायचं तर रात्रभर बंद ठेवून, खोली गार असताना. बेअरिंगमधलं तेल थंडीत घट्ट होतं आणि माथा लांबतो. आज सकाळी तो सहाऐवजी साडेसात सेकंद होता. एचबीएचं अंतर त्यासाठी ७ वरून ९ केलं.

१ फेब्रुवारी

बूट सांभाळलं, पण डिस्क झोपेतून उठण्याचं राहिलं होतं. एचडीपार्म मोठा एस १२० ठेवलं की दहा मिनिटांनी स्टँडबाय. २४० पर्यंतचे आकडे पाच-पाच सेकंदांच्या पटीत असतात. झोपलेल्या डिस्कची वीज तुटलेली नसते, त्यामुळे इथे ११ नंबरची पिन, बायोस, पीयूआयएस कोणीच मध्ये येत नाही. वाचायची मागणी आली की डिस्क उठते. रेडवर मोठी फाइल वाचली की मागण्या सगळ्यांकडे जवळजवळ एकाच वेळी जातात. क्लॅम्पवर पुन्हा १३ अँपिअर दिसले.

उपाय म्हणून छोटी स्क्रिप्ट: डीडी या वाचन-लेखनाच्या कमांडने डायरेक्ट वाचन, प्रत्येक डिस्कवरून ४ केबीचा एक ब्लॉक, मध्ये ९ सेकंद. डायरेक्ट हा शब्द गाळला तर वाचन कॅशेमधून भागतं आणि डिस्क झोपलेलीच राहते. हीच अडचण टाळायला ब्लॉकची जागाही दर वेळी बदलली. रोजच्या बॅकअपच्या आधी ही स्क्रिप्ट चालते. एरवी अवेळी कोणी फाइल उघडली तर मात्र सगळ्या एकदमच उठणार. त्यावर उपाय म्हणून टायमर काढून टाकला: दिवसातून दहा वेळा झोपून उठणाऱ्या डिस्कची वाचलेली वीज स्मार्टमधल्या ४ नंबरच्या, वाढत जाणाऱ्या स्टार्ट स्टॉप काउंटच्या मानाने काहीच नाही. आता डिस्क फक्त रात्री दोननंतर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय), एचडीपार्मच्या छोट्या वायने, एकेक झोपवल्या जातात आणि सकाळी स्क्रिप्टने उठवल्या जातात. स्मार्टची तपासणीही स्टँडबायमधल्या डिस्कला न उठवणाऱ्या पर्यायाने चालवायची, नाहीतर दर अर्ध्या तासाने तीच सगळ्यांना जागं करते.

मशीनचं सस्पेंड पूर्ण बंद केलं. त्यात डिस्कची वीज तुटते आणि परत येताना बायोसचा क्रम पाळला जाईलच असं नाही.

८ फेब्रुवारी

यूपीएस बॅटरीवर ठेवून कोल्ड बूट, राउटर आणि स्विच चालू. शिखर १९१ वॅट, बीप नाही. वीज गेल्यावर आपोआप सुरू होण्याचं बायोस सेटिंग आता चालू केलं. आधी मुद्दाम बंद होतं.

स्पिन रिट्राय: ३ आणि ५, जानेवारीपासून तसेच.

प्रत्येक डिस्कच्या कडेला, जागेवर असताना वाचता येईल असं लेबल चिकटवलं: सहांवर "११ नंबरला टेप", एकीवर "पीयूआयएस चालू, एचबीएवर लावू नये", एकीवर "लगेच फिरते". टेपवाली डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये नुसत्या पॉवरवर लावून बघणाऱ्याला ती मेलेली वाटेल, आणि पीयूआयएसवाली तर यूएसबी डॉकवरही कदाचित उठणार नाही.